गिटारीची किंमत आणि सुराचे मोल

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांची नावे वृत्तपत्रांत येतात ती बहुधा ठरावीक निमित्तांनी. मुंबईला पाणी पुरविणारी तानसा आणि भातसा ही धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळा लागला की टँकरची वाट पाहावी लागते, ही बातमी वर्षानुवर्षे छापून येते. पावसाळ्यात माळशेज घाटात दरड कोसळली की मुरबाडचे नाव येते. पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरली की ते पुन्हा येते. अशा या दोन तालुक्यांच्या संदर्भात विजेवर वाजणाऱ्या गिटारीचा विषय काढला, तर ‘पाण्याची वानवा असलेल्या गावी ही कसली चैन?’ असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु पाण्यासाठी झगडणाऱ्या माणसालाही गाणे हवेच असते, हे येथील हळदीच्या रात्रींनी आणि गणपतीच्या मिरवणुकींनी कधीच सिद्ध केले आहे.

कसाऱ्याकडून येणाऱ्या लोकल गाडीत, खर्डीला किंवा आसनगावला, पाठीवर गिटारीची काळी पिशवी अडकवलेला मुलगा चढतो, याचे आता कोणाला नवल वाटत नाही. मुरबाडचा मुलगा एस.टी.ने कल्याण गाठतो, एवढाच फरक. शिकवणी परवडत नसेल तर तो मोबाइलच्या पडद्यावर पाहून शिकतो. यथावकाश घरात एक दिवस प्रश्न निघतो : विद्युत गिटार घ्यायची तर कोणती? बाजारात ती आठ-दहा हजार रुपयांपासून मिळते आणि अमेरिकेत बनलेल्या नामांकित गिटारीसाठी दोन-अडीच लाख रुपयेही मोजावे लागतात. महिना १५ हजार रुपये मिळविणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या दृष्टीने अडीच लाख म्हणजे जवळजवळ १७ महिन्यांचा सबंध पगार. मग वडील म्हणतात, स्वस्तातली घे. आणि कोणी अनुभवी मित्र सांगतो, स्वस्तातली घेण्यापेक्षा न घेतलेली बरी. या दोहोंपैकी खरे कोण, याचा विचार थोडा शांतपणे व्हावयास हवा. कारण त्या निर्णयावर काही हजार रुपयांइतकाच एका होतकरू मुलाचा आत्मविश्वासही अवलंबून असतो.

हे वाद्य परके नाही

विद्युत गिटार हे विलायती वाद्य खरे; पण तिचा नाद आपल्या कानांना मुळीच नवा नाही. व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांनी विद्युत हवाईयन गिटारीवर वाजविलेली चित्रपटगीते एका संपूर्ण पिढीने रेडिओवर ऐकली आहेत. गझलगायक म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते भूपिंदर सिंग हे राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील नामवंत गिटारवादक होते.

ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागाला तर याहून जवळचे उदाहरण आहे. येथे लग्नात आणि मिरवणुकीत जो ‘बेंजो’ वाजतो, त्याचे मूळ जपानमध्ये आहे. नागोया येथील मोरिता गोरो यांनी १९१२ साली ताइशोगोतो नावाचे वाद्य तयार केले. टंकलेखन यंत्रासारख्या कळा दाबून तारांवर सूर काढण्याची त्याची युक्ती. ते भारतात आले, बुलबुल तरंग झाले, आणि पुढे त्याच्या तारांखाली विद्युत पिकअप बसवून आपल्या लोकांनी त्याला रस्त्यावर उतरविले. रवी जाधव यांनी २०१६ साली ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट काढला, तो याच वादकांवर. विद्युत तंतुवाद्याचा हा आपला देशी अवतार कधीच महाग नव्हता. त्याच्या लाकडाची जात कोणती, असे हळदीच्या मांडवात आजवर कोणी विचारलेले नाही. वाजविणाऱ्याचा हात कसा आहे आणि वाद्य सुरात लागले आहे की नाही, एवढेच तेथे पाहिले जाते. गिटारीच्या बाबतीतही हाच निकष का लावू नये?

आवाज कोठून येतो?

त्यासाठी प्रथम विद्युत गिटार वाजते कशी, हे समजून घेतले पाहिजे. शाळेत विज्ञानाच्या तासाला विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा धडा असतो. मायकेल फॅराडे यांनी १८३१ साली हे तत्त्व दाखवून दिले. चुंबकीय क्षेत्र बदलले की जवळच्या तारेच्या वेटोळ्यात विद्युतप्रवाह निर्माण होतो. विद्युत गिटारीचे सारे रहस्य या एका वाक्यात आहे. तारांखाली बसविलेल्या पिकअपमध्ये चुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे असतात. पोलादी तार छेडली की ती चुंबकीय क्षेत्र हलविते, वेटोळ्यात क्षीण प्रवाह निर्माण होतो, आणि तो प्रवाह अँप्लिफायर मोठा करून ध्वनिक्षेपकाला देतो.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. सतारीचा भोपळा किंवा साध्या गिटारीची लाकडी पेटी जे काम करते, ते काम विद्युत गिटारीत लाकडाकडे नसतेच. १९३२ साली बाजारात आलेली आणि यशस्वी झालेली पहिली विद्युत गिटार रिकनबॅकर कंपनीची. तिचे अंग ओतीव अ‍ॅल्युमिनियमचे होते आणि आकारावरून लोक तिला ‘तळण्याचा तवा’ म्हणत. लाकडाचा परिणाम अगदी शून्य असतो, असे म्हणण्याचे कारण नाही; तार किती वेळ झंकारत राहते यावर तो थोडाफार होत असेल. पण आवाजाचा मोठा हिस्सा तारा, पिकअप, अँप्लिफायर आणि वाजविणाऱ्याची बोटे यांचा असतो.

सुरेलपणाचा भाग तर निव्वळ गणिताचा आहे. फेंडर कंपनीच्या प्रसिद्ध स्ट्रॅटोकास्टर गिटारीत तारेची मोकळी लांबी ६४८ मिलिमीटर असते. बारावा पडदा बरोबर निम्म्यावर, म्हणजे ३२४ मिलिमीटरवर यावा लागतो. मधले पडदे ठराविक गुणोत्तराने जवळ जवळ येत जातात. बाराव्या पडद्यापाशी दोन पडद्यांतील अंतर सुमारे १८ मिलिमीटर असते. तेथे एका मिलिमीटरची चूक झाली तरी जाणता कान ती पकडतो. पूर्वी पडद्यांच्या या खाचा पाडणे हे निष्णात कारागिराचे काम होते, आणि स्वस्त वाद्ये येथेच फसत. आज संगणकाच्या नियंत्रणाखाली चालणारी यंत्रे चीन आणि इंडोनेशियातील कारखान्यांत तेच काम करतात, आणि अमेरिकेतील कारखान्यांतही करतात. स्वस्त आणि महाग यांतील सर्वात जुनी दरी या यंत्रांनी बुजविली आहे.

स्वस्ताईची परंपरा

स्वस्त वाद्याला कमी लेखणाऱ्यांनी या वाद्याचा इतिहासही पाहावा. लिओ फेंडर यांनी १९५० च्या सुमारास विद्युत गिटार बाजारात आणली, तेव्हा तिची रचनाच मुळी कारखान्यात झटपट जुळविता यावी अशी होती. मान वेगळी, अंग वेगळे, दोन्ही स्क्रूने जोडलेले. परंपरागत वाद्यकारांना ती फळीसारखी दिसली. आज तीच फळी लाखोंच्या किमतीला विकली जाते.

अमेरिकेतच नॅथन डॅनियल यांच्या डॅनइलेक्ट्रो कंपनीने लाकडी चौकटीवर मॅसोनाइटचे, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या पुठ्ठ्याचे तक्ते लावून गिटारी बनविल्या. त्यांचे पिकअप लिपस्टिकच्या नळीसारख्या धातूच्या आवरणात बसविलेले असत. सियर्स या दुकानसाखळीतून या गिटारी सामान्य घरांतील मुलांसाठी विकल्या गेल्या. पुढे लेड झेपेलिनच्या जिमी पेज यांनी जगभरच्या रंगमंचांवर अशीच एक गिटार वाजविली. त्यांना महाग गिटार परवडत नव्हती असे मुळीच नाही.

क्वीन या वाद्यवृंदाचे ब्रायन मे यांची कथा तर आपल्याकडील प्रत्येक विज्ञानशिक्षकाने मुलांना सांगावी अशी आहे. हव्या त्या गिटारीला पैसे नव्हते. म्हणून १९६३ साली या शाळकरी मुलाने आपल्या वडिलांच्या साहाय्याने स्वतःच गिटार बनवावयास घेतली. मानेसाठी जुन्या शेकोटीवरील फळीचे लाकूड, कंपनासाठी जुन्या मोटारसायकलीच्या स्प्रिंगा, खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातील शिंपल्यांची बटणे. दोन वर्षे खपून बनविलेल्या त्या गिटारीवरच त्यांनी पुढे आयुष्यभर वादन केले. त्यांच्याच वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बलसारा, हा आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेचा विद्यार्थी, हाही एक योगायोग.

मोठ्या कंपन्यांनीही अखेर स्वस्त वाद्याशी सलोखा केला. सत्तरच्या दशकात जपानी कारखान्यांनी अमेरिकन गिटारींच्या इतक्या चांगल्या आणि इतक्या स्वस्त प्रतिकृती काढल्या की फेंडरला १९८२ साली जपानमध्येच उत्पादन सुरू करून ‘स्क्वायर’ या नावाने आपलीच स्वस्त आवृत्ती विकावी लागली. गिब्सनकडे १९५७ पासून असलेली ‘एपिफोन’ ही मुद्रा आज तेच काम करते. यामाहाची ‘पॅसिफिका’ १९९० साली आली आणि शिकाऊ मुलांची गिटार म्हणून जगभर रुजली. आपल्याकडे १९९१ पूर्वी आयातीवर कडक निर्बंध होते. परदेशी गिटार हवी तर जहाजावर नोकरीला असलेल्या एखाद्या नातलगाची वाट पाहावी लागे. नाहीतर देशी कारखान्यांच्या ओबडधोबड गिटारीवर भागवावे लागे. त्या काळी ‘स्वस्त म्हणजे वाईट’ हे समीकरण बरेचसे खरे होते. अनुभवी मंडळी आज जो सल्ला देतात तो बहुधा त्या काळाच्या आठवणीतून दिलेला असतो.

डोळे बांधून घेतलेली परीक्षा

‘पण महाग वाद्याचा आवाज वेगळाच असतो, तो कानाला कळतो’, असे पुष्कळजण छातीठोकपणे सांगतात. कानाला कळतो की डोळ्याला, हे तपासण्याचा उपाय सोपा आहे. डोळे बांधावेत आणि मग विचारावे.

क्लॉडिया फ्रिट्झ या संशोधिकेने आणि जोसेफ कर्टिन या व्हायोलिनकाराने आपल्या सहकाऱ्यांसह २०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिस येथे असा प्रयोग केला. २१ कसलेल्या व्हायोलिनवादकांपुढे सहा व्हायोलिने ठेवली. तीन नवी, तीन जुनी, त्यांत दोन स्ट्रॅडिव्हरियसची आणि एक ग्वार्नेरीचे. खोलीत अंधुक उजेड, वादकांच्या डोळ्यांवर काळे चष्मे, आणि जुन्या रोगणाच्या वासावरूनही ओळख पटू नये म्हणून हनुवटीपाशी अत्तराचा थेंब. जुन्या तिन्हींची किंमत नव्या तिन्हींच्या सुमारे शंभरपट. निकाल असा लागला की सर्वाधिक पसंती एका नव्या व्हायोलिनला मिळाली आणि सर्वात कमी पसंती एका स्ट्रॅडिव्हरियसला. जुने कोणते आणि नवे कोणते हे बहुसंख्यांना सांगताच आले नाही. हे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. २०१४ साली दहा नामांकित एकल वादकांना घेऊन प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगाचा सूरही तोच होता.

इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाने २०१८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग तर गिटारीवरच होता. एकाच कारागिराकडून सहा साध्या गिटारी करून घेतल्या. फरक फक्त पाठीच्या आणि बाजूच्या लाकडाचा. त्यांत आंतरराष्ट्रीय व्यापारास बंदी असलेला दुर्मिळ ब्राझिलियन शिसव होता, सह्याद्रीतही वाढणारा आपला भारतीय शिसव होता, आणि त्यामानाने स्वस्त लाकडेही होती. ५२ वादकांनी न पाहता त्या वाजविल्या. त्यांनी दिलेल्या गुणांत म्हणण्याजोगा फरक पडला नाही.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, या दोन्ही प्रयोगांतील वाद्ये लाकडाच्या पेटीतून बोलणारी होती. जेथे लाकूडच आवाज देते, तेथे जर जाणत्यांच्या कानाला किंमत ओळखता येत नसेल, तर जेथे आवाज चुंबक आणि तांब्याच्या तारेतून निघतो, तेथे लाकडापायी लाखभर रुपये जास्त मोजण्याचे समर्थन कसे करावयाचे?

खोट कोठे असते?

तथापि, ‘स्वस्त आणि महाग सारखेच’ असे म्हणून मोकळे होणेही बरोबर नाही. स्वस्त गिटारीत खोट असते; मात्र ती बहुतेक जण शोधतात तेथे नसते. काटकसर होते ती बारीकसारीक गोष्टींत. तार ताणणाऱ्या खुंट्या ढिल्या असतात आणि सूर वारंवार उतरतो. पडद्यांची टोके घासलेली नसतात आणि हाताला टोचतात. आतील जोडकामात कसूर राहते आणि गुणगुण ऐकू येते. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे, कारखान्यातून खोक्यात भरून निघालेली गिटार ‘लावलेली’ नसते.

आपल्या संगीतात यासाठी एक नेमका शब्द आहे : जवारी. मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील कारागिरांना विचारा. भोपळा कितीही उत्तम असो, घोडीवरची जवारी बिघडली तर तंबोरा मुका होतो, आणि साध्या तंबोऱ्याची जवारी नीट काढली तर तो बोलू लागतो. गिटारीचीही एक प्रकारची जवारीच असते. फेंडरच्या शिफारशीनुसार सतराव्या पडद्यावर तारेची उंची सुमारे १.६ मिलिमीटर असावी. खोक्यातून निघालेल्या गिटारीत ती तीन मिलिमीटरही असू शकते. मग तार दाबताना बोटे सोलवटतात, आणि दाबताना तार ताणली जाऊन सूर चढतो. नवख्या मुलाला वाटते, आपलाच हात जड आहे, आपल्यालाच कान नाही. महिन्याभरात गिटार खुंटीला लागते. दोष जवारीचा असतो आणि शिक्षा मुलाला होते. स्वस्त वाद्याचा खरा धोका हा आहे. वाया गेलेल्या पैशापेक्षा तो कितीतरी मोठा आहे.

त्यात आपल्या हवेची भर. सह्याद्रीच्या पायथ्याशी मे महिन्यात लाकूड वाळते आणि जुलैत ओल धरते. सहा तारांचा मिळून ४० किलोंच्या आसपास ताण सतत मानेवर असतो. त्यामुळे मान वाकते. मानेच्या आत बसविलेली पोलादी सळई किल्लीने थोडी फिरविली की ती सरळ होते. हे काम पाच मिनिटांचे. परंतु ते जाणणारा माणूस तालुक्यात सहजी सापडत नाही. मुलगा मग गिटार पाठीवर टाकून कल्याण, ठाणे किंवा थेट मुंबईत धोबी तलाव गाठतो. एक दिवस मोडतो, प्रवासाचा आणि मजुरीचा खर्च होतो, आणि आठ हजारांची गिटार हळूहळू महाग पडू लागते.

हे काम अडीच लाखांच्या गिटारीलाही चुकलेले नाही. तिची मानही पावसाळ्यात वाकते. नीट लावलेली स्वस्त गिटार आणि न लावलेली महाग गिटार यांत निवड करावयाची झाली, तर कोणीही जाणता वादक पहिली उचलील.

जास्तीचे पैसे कशाचे?

मग महाग गिटार म्हणजे निव्वळ फसवणूक की काय? तसेही नाही. तिच्या खुंट्या टिकतात, जोडकाम स्वच्छ असते, पडदे हाताने घासून गुळगुळीत केलेले असतात. रात्री चार तास मंचावर उभे राहून पोट भरणाऱ्या वादकाला मध्येच सूर उतरून चालत नाही. त्याला या विश्वासार्हतेचे पैसे मोजणे परवडते आणि मोजावेही. विकावयाची झाली तर तिची किंमतही बऱ्यापैकी टिकते. उरलेले पैसे मात्र नावाचे, चकाकीचे, आयातीच्या खर्चाचे, आणि जेथे मजुरी जास्त आहे अशा देशात ती बनते याचे असतात. किंमत दहापट झाली म्हणून वाद्य दहापट चांगले होत नाही. पहिल्या वीस हजारांत गुणवत्ता झपाट्याने वाढते. पुढे प्रत्येक जास्तीच्या हजाराला पदरात पडणारे माप कमी कमी होत जाते.

स्वस्ताईचीही किंमत कोणीतरी मोजत असते, हेही विसरून चालणार नाही. दक्षिण कोरियातील कॉर्ट कंपनीने २००७ साली तेथील कारखाने बंद केले आणि उत्पादन जेथे मजुरी कमी तेथे नेले. नोकरी गेलेल्या कामगारांचा लढा २०१९ पर्यंत, म्हणजे तब्बल बारा वर्षे चालला. औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर राबणाऱ्या मुरबाडच्या कामगाराला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावयास नको. वस्तू स्वस्त आहे म्हणून तिच्यामागचे हात स्वस्त समजू नयेत, एवढा विवेक घेणाऱ्याने बाळगावा.

म्हशाच्या बाजारातील शहाणपण

मुरबाड तालुक्यातील म्हशाच्या जत्रेत बैलांचा मोठा बाजार भरतो. तेथे आलेला शेतकरी बैलाच्या अंगावरची झूल आणि गळ्यातले घुंगरू पाहून दाम ठरवीत नाही. तो दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. गिटार घेणाऱ्या मुलाने आणि त्याच्या पालकांनी हाच रिवाज पाळावा.

गिटार डोळ्यासमोर आडवी धरून मान सरळ आहे का, ते पाहावे. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून कोठे खरखर होते का, ते ऐकावे. मोकळी तार सुरात लावून बाराव्या पडद्यावर तोच सूर वरच्या सप्तकात नेमका येतो का, हे तपासावे. यासाठी मोबाइलवर फुकट साधने मिळतात. खुंट्या फिरवून पाहाव्यात. दहा मिनिटे वाजविल्यावर सूर टिकला का, ते पाहावे. बटणे फिरविताना कडकड होते का, तेही ऐकावे. ही सारी परीक्षा अर्ध्या तासाची आहे आणि तिला संगीताचे ज्ञान फारसे लागत नाही. ती देता येत नसेल, घरपोच खोके मागविण्यावाचून उपाय नसेल, तर गिटारीच्या किमतीत हजार-दीड हजार रुपये ती लावून घेण्यासाठी आधीच धरावेत.

आणखी एक गोष्ट. सगळे पैसे गिटारीवरच उधळू नयेत. विद्युत गिटारीचा निम्मा आवाज अँप्लिफायरचा असतो. साधी गिटार चांगल्या अँप्लिफायरवर शोभते. उंची गिटार वाईट अँप्लिफायरवर लाजते. घर लहान असेल तर कानाला लावून वाजविता येणारे, आणि वीज जाण्याचा त्रास असेल तर बॅटरीवर चालणारे छोटे अँप्लिफायर घ्यावे. गिटार आणि अँप्लिफायर मिळून २०-२५ हजार रुपयांत आज जे वाद्य हाती येते, त्यावर आठ-दहा वर्षे शिकावे आणि रंगमंचावरही जावे, इतके ते सक्षम आहे.

तालुक्याला काय हवे?

यावरून एक निष्कर्ष निघतो. शहापूर-मुरबाडच्या मुलाचे अडते ते महाग गिटारीवाचून मुळीच नव्हे. त्याच्यापाशी नाही तो शिक्षक, वाद्य लावून देणारा कारागीर आणि सरावाला जागा. या तिन्ही गोष्टी अडीच लाखांची गिटार घेऊन मिळत नाहीत. आणि त्या मिळाल्या तर अडीच लाखांच्या गिटारीची गरज उरत नाही.

कारागिराचा प्रश्न तर आश्चर्य वाटावे इतका सोपा आहे. फिटरचे शिक्षण घेणाऱ्या मुलाला फीलर गेजने मिलिमीटरचा अंश मोजता येतो. इलेक्ट्रिशियनचे शिक्षण घेणाऱ्याला डाग देता येतो आणि मीटरने तुटलेली जोडणी शोधता येते. गिटार लावावयास याहून अधिक काय लागते? औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी आठ-पंधरा दिवसांचा एखादा छोटा वर्ग काढला, तर गिटारींबरोबर तालुक्यातील बेंजो, कीबोर्ड आणि ध्वनिक्षेपकही गावातच दुरुस्त होतील, आणि चार तरुणांच्या हाताला काम मिळेल ते वेगळेच.

शिक्षकाचा प्रश्न कायद्याने केव्हाच सोडविला आहे. अंमलबजावणी मात्र अपुरी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात, सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर विद्यार्थी असलेल्या शाळेला कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, अशी स्पष्ट तरतूद आहे. ही पदे नियमितपणे भरली गेली आणि त्यांतील काही संगीताला मिळाली, तर शिकू इच्छिणाऱ्याला केवळ मोबाइलच्या पडद्यावर विसंबून राहावे लागणार नाही. तोवर शाळांना, महाविद्यालयांना आणि सार्वजनिक वाचनालयांना एवढे तरी करता येईल : दोन-तीन साध्या पण नीट लावलेल्या गिटारी घ्याव्यात आणि पुस्तकाप्रमाणे त्या मुलांना वाजवावयास द्याव्यात. एका महागड्या वाद्याच्या किमतीत अशी दहा वाद्ये येतात, आणि दहा वाद्यांवर वर्षाला पन्नास मुले तरी हात बसवू शकतात.

पालकांनी मुलाला स्वस्त गिटार घेऊन दिली तर त्यात कमीपणा मानू नये, आणि ‘आधी शिकून दाखव, मग चांगली घेऊ’ असे म्हणून मुळात वाजूच न शकणारे वाद्यही त्याच्या हाती देऊ नये. साधे वाद्य घ्यावे, ते नीट लावून घ्यावे, आणि उरलेला पैसा शिकवणीवर व तारांवर खर्च करावा. वाद्याची किंमत दुकानदार ठरवितो. सुराचे मोल मात्र रोजच्या सरावानेच ठरते, आणि तो सराव लाखाच्या गिटारीलाही चुकत नाही.